ढकलून दिलेला माणूस परत येतो

मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना कळवले की, बांगलादेशी किंवा रोहिंग्या असल्याचा संशय असलेल्यांची पडताळणी तीस दिवसांत उरका आणि जे भारतीय ठरणार नाहीत त्यांना परत पाठवा. पुढच्या काही महिन्यांत दिल्ली, गुजरात, राजस्थान, ओडिशा, महाराष्ट्र अशा राज्यांतून बंगाली बोलणाऱ्या मजुरांची धरपकड झाली. त्यांतल्या अनेकांना सीमेवर नेऊन, न्यायाधीशासमोर उभे न करताच, पलीकडे पाठवण्यात आले. या पद्धतीला सगळे 'पुशबॅक' म्हणतात.

या धोरणावर चर्चा होते तेव्हा एक बाजू फक्त घुसखोर पाहते आणि दुसरी फक्त पीडित. पुढच्या संवादातली दोन माणसे प्रातिनिधिक आहेत, पण त्यांना दोन्ही गोष्टी दिसतात. मामा मूळचे साताऱ्याकडचे, सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झालेले; नोकरीतला मोठा काळ आसाम आणि पश्चिम बंगालच्या सीमेवर गेलेला. भाची ठाण्याला वकिली करते आणि पकडलेल्या मजुरांची प्रकरणे पाहते. सीमा राखली पाहिजे, याबद्दल दोघांचे एकमत आहे. सरकार ती राखते आहे का, यावर त्यांचा वाद आहे.

मामा: आधी एक गोष्ट पक्की करू. घुसखोरी ही निवडणुकीसाठी रचलेली गोष्ट नाही, ती मी डोळ्यांनी बघितलीय. बांगलादेशाशी आपली सीमा ४,०९६ किलोमीटरची. त्यात सुमारे ३,२३२ किलोमीटरला कुंपण आहे, म्हणजे साडेआठशेहून जास्त किलोमीटर उघडं. त्यातलं पावणेदोनशेच्या आसपास असं, की तिथं खांब रोवताच येत नाही. आसामातल्या धुबरीला ब्रह्मपुत्रेचं पात्र बघ. पावसाळ्यात एक चर, म्हणजे नदीतलं वाळूचं बेट, पाण्याखाली जातो, दुसरा वर येतो. काल जिथं पहारा होता तिथं आज नदी. रात्री होडी सुटली की कुठल्या देशाच्या पाण्यात आहे हे होडीवाल्यालाच ठाऊक.

भाची: मामा, हे मी नाकारतच नाही. म्हणून तर २०१९ मध्ये त्याच धुबरीत सेन्सर आणि कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवली ना सरकारने?

मामा: बसवली, आणि चांगलं केलं. पण यंत्र इशारा देतं. पाठलागाला माणूस, होडी आणि इंधन लागतं. शिवाय कुंपण शून्य रेषेपासून दीडशे यार्ड आत असतं. कुंपणापलीकडे आपल्याच शेतकऱ्यांची शेतं, काही ठिकाणी घरंसुद्धा. त्यांच्यासाठी फाटक ठराविक वेळेला उघडावं लागतं. शहरात बसून सीमा म्हणजे नकाशावरची रेघ वाटते. तिथं ती भाताच्या खाचरातून जाते.

भाची: म्हणूनच मला विचारायचंय. जी सीमा एका बाजूने इतकी झिरपते, तिच्यातून रात्री माणसं पलीकडे ढकलली तर ती पलीकडेच राहतील, हे कशावरून?

मामा: त्याकडे येऊ. आधी आसामचं ऐक, कारण हे धोरण तिथून आलंय. १९७९ साली मंगलदोई मतदारसंघात पोटनिवडणुकीची तयारी सुरू होती. मतदारयादीत परदेशी माणसांची नावं असल्याच्या हजारो तक्रारी आल्या आणि पुढची सहा वर्षं आसाम पेटलेला होता. आठशेहून जास्त आंदोलकांचा जीव गेला. मग १५ ऑगस्ट १९८५ला राजीव गांधींच्या सरकारने करार केला, की २४ मार्च १९७१ नंतर आलेला प्रत्येक परदेशी शोधायचा, मतदारयादीतून काढायचा आणि देशाबाहेर पाठवायचा. त्याला चाळीस वर्षं झाली. इतकी वर्षं दिलेला शब्द पाळला गेला नाही, तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडतो.

भाची: आसामच्या माणसाची भीती खरी आहे. आपली भाषा, जमीन आणि मतं आपल्याच घरात अल्पसंख्य होतील, ही भीती महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पण त्याच आंदोलनाच्या काळात, फेब्रुवारी १९८३ मध्ये, आसामातल्याच नेलीत एका सकाळी दोन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. मेलेल्यांत बायका आणि मुलं जास्त होती. परदेशी कोण हे जमावाने ठरवलं की काय होतं, ते तिथं दिसलं. ते ठरवायचा अधिकार जमावाकडून काढून कायद्याकडे देणं हाच आसाम कराराचा अर्थ होता. आज पोलीस चौकीत भाषा आणि नाव ऐकून संशय घेतला जातो, तेव्हा आपण कराराच्या विरुद्ध दिशेने चाललोय.

मामा: जमाव आणि पोलीस यांना एका मापात घालू नकोस.

भाची: नाही घालत. पोलिसाला कायदा बांधतो, म्हणूनच त्याच्याकडून जास्त अपेक्षा आहे. आता आकडे बघा. २००४ मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी संसदेत सांगितलं, देशात सव्वा कोटीच्या आसपास बेकायदा बांगलादेशी आहेत. थोड्याच दिवसांत त्यांनीच सांगितलं, की आकडा भरवशाचा नव्हता. २०१६ मध्ये तेव्हाचे गृह राज्यमंत्री किरेन रिजिजूंनी दोन कोटी सांगितले. मग सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आसामात राष्ट्रीय नागरिक नोंदणी झाली. ३ कोटी ३० लाख लोकांनी कागद दाखवले. ३१ ऑगस्ट २०१९ला अंतिम यादी लागली आणि १९ लाख ६ हजार ६५७ माणसं बाहेर राहिली. त्यांतही बंगाली हिंदू मोठ्या संख्येने होते. यादी सरकारच्या अंदाजाशी जुळली नाही, तेव्हा राज्य सरकारनेच ती नाकारली.

मामा: नाकारायला कारण होतं. बनावट कागदांवर खूप नावं आत शिरली, असं राज्याचं म्हणणं होतं. सीमेलगतच्या जिल्ह्यांत २० टक्के आणि इतरत्र १० टक्के नावं पुन्हा तपासा, एवढीच मागणी होती.

भाची: मग तपासायची होती. केंद्रात २०१४ पासून आणि आसामात २०१६ पासून एकाच पक्षाचं सरकार आहे. पण २०२५ उजाडलं तरी यादी अधिसूचित झाली नाही. वगळलेल्यांना नकाराचं पत्र मिळालं नाही, आणि पत्राशिवाय परदेशी नागरिक न्यायाधिकरणात अपील करता येत नाही. म्हणजे १९ लाख माणसं नागरिक आहेत की नाहीत, हे सरकारने शेकडो कोटी रुपये खर्च करूनही ठरवलं नाही. यातला जो खरा परदेशी असेल त्यालाही हात लागला नाही, आणि जो खरा नागरिक असेल त्याचीही सुटका नाही. यातून सीमा सुरक्षित झाली की असुरक्षित?

मामा: हा दोष मी सरकारच्या पदरात टाकतो. आम्ही थंडीत, पावसात उभं राहायचं आणि मागे दिल्लीत फाईल उघडायचीसुद्धा नाही, याचा राग जवानालाही येतो. पण मग सरकारने करायचं काय? परत पाठवण्याची जी रीतसर वाट आहे, ती ढाक्यापर्यंत जाते आणि तिथं थांबते. पकडलेल्या माणसाचं नाव-गाव आपण बांगलादेशाला कळवतो. तो आमचाच आहे असं त्यांनी म्हटलं तरच पाठवता येतं. मे २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं, की अशी २,३६० हून जास्त प्रकरणं त्यांच्याकडे पडून आहेत, काही तर पाच-पाच वर्षं. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालय आसामला विचारतं, की परदेशी ठरवलेल्या माणसांना छावणीत का ठेवलंय? फेब्रुवारी २०२५ मध्ये मातिया छावणीतल्या ६३ जणांवरून न्यायालयाने सरकारला चांगलंच फटकारलं. बांगलादेशातले पत्ते माहीत नाहीत, हे कारण न्यायालयाने ऐकून घेतलं नाही. ढाका उत्तर देत नाही आणि न्यायालय थांबू देत नाही. तू तिथं अधिकारी असतीस तर काय केलं असतंस?

भाची: प्रश्न कठीण आहे आणि तुम्ही तो प्रामाणिकपणे मांडलात. पण न्यायालयाने परत पाठवा म्हटलं, ते कायद्याने पाठवा असं. २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं, की विहित प्रक्रियेशिवाय पाठवता येणार नाही. आसाम सरकारने मात्र त्या फटकाऱ्याचा दाखला देऊन पुशबॅक सुरू केलं. जून २०२५ मध्ये मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी विधानसभेत सांगितलं, की तीनशेहून जास्त लोकांना पाठवलं. त्याआधी, मे महिन्यात, मोरीगावच्या एका माजी शिक्षकाला पलीकडे पाठवलं होतं. त्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होतं. त्याला पुढे परत आणावं लागलं.

मामा: एका माणसाचं उदाहरण घेऊन धोरण मोडीत काढता येत नाही. मोठ्या कामात चुका होतात.

भाची: मग दुसरं घ्या. बीरभूम जिल्ह्यातलं एक कुटुंब दिल्लीत मजुरी करत होतं. जून २०२५ मध्ये त्यांना पकडलं आणि काही दिवसांतच सीमेपार पाठवलं. त्यातली बाई गरोदर होती, सोबत लहान मुलगा. तिकडे बांगलादेशाने त्यांना बेकायदा घुसलेले भारतीय म्हणून तुरुंगात टाकलं. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती हकालपट्टी रद्द केली आणि त्यांना परत आणायला सांगितलं. केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेवटी डिसेंबरमध्ये, माणुसकीच्या आधारावर, बाईला आणि मुलाला आणायला सरकार तयार झालं. गृह मंत्रालयाच्याच पत्रात मूळ राज्याकडून पडताळणी करण्यासाठी तीस दिवस दिलेले होते. ते तीस दिवससुद्धा त्या कुटुंबाला मिळाले नाहीत. मामा, सरकारने स्वतः घातलेला नियम सरकारने मोडला, याला चूक म्हणायचं का?

मामा: (थोडं थांबून) नाही. त्याला हयगय म्हणायचं.

भाची: आणि हे आपल्या दारातही झालं. जून २०२५ मध्येच मुंबई परिसरातून मुर्शिदाबादकडच्या काही गवंडी-मजुरांना पकडलं, सीमा सुरक्षा दलाच्या ताब्यात दिलं आणि त्यांना बांगलादेशात पाठवलं गेलं. ते भारतीय असल्याचे कागद पश्चिम बंगालच्या पोलिसांनी पाठवले होते. पुढे तुमच्याच दलाने बांगलादेशाच्या सीमा रक्षकांबरोबर फ्लॅग मीटिंग करून त्यांना परत आणलं. ज्या जवानांनी घुसखोर अडवायचे, त्यांना आपलेच नागरिक पलीकडून मागून आणावे लागले.

मामा: ते वाचलं होतं मी, आणि वाईट वाटलं. जवानाच्या हातात कागद नसतो, हुकूम असतो. माणूस चौकीवर येतो तेव्हा तो परदेशी आहे असं वरून ठरून आलेलं असतं. ठरवणारा कुठेतरी दूर असतो, पण पाप आमच्या माथी येतं. पण महाराष्ट्राची दुसरी बाजूही बघ. बनावट जन्मदाखले ही खरी गोष्ट आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर उशिरा केलेल्या जन्मनोंदीचे अधिकार महसूल अधिकाऱ्यांकडे आले आणि दाखल्यांबद्दल तक्रारी वाढल्या. मालेगावच्या दाखल्यांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्याच एका प्रकरणात सांगितलं, की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असलं म्हणून कुणी नागरिक ठरत नाही. पैसे मोजले की कागद मिळत असतील, तर मी कागदावर विश्वास का ठेवू?

भाची: आधारवर ठेवू नका, ते ठीक आहे. पण मग कशावर ठेवायचा, ते सरकारने सांगितलं पाहिजे. पोलीस विचारतात, नागरिकत्वाचा पुरावा दाखव. आधार चालत नाही, पॅन चालत नाही, मतदार कार्ड चालत नाही. जन्मदाखला असला तर बनावट असेल, नसला तर परदेशी. बांधकामावर खडी वाहणाऱ्या माणसाने काय दाखवायचं? आपल्याकडे जातपडताळणीचा अनुभव घराघरात आहे. अनुसूचित जातीला १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा, ओबीसीला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. शाळा सोडल्याचा आजोबांचा दाखला शोधताना शिकलेली माणसं हैराण होतात. पारध्याच्या, वडाराच्या मुलाने तो कुठून आणायचा?

मामा: खरं आहे ते. आपल्या गावातही झालं हे.

भाची: आणि कुणबी नोंदींचा प्रश्न आला तेव्हा सरकारने काय केलं? २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अभिलेखागारांतली दप्तरं उघडली, मोडी वाचणारे बसवले, हैदराबादपर्यंत माणसं पाठवली. एका प्रमाणपत्रासाठी सरकार स्वतः नोंद शोधत फिरलं, आणि ते योग्यच होतं. मग जिथं माणसाचा देशच काढून घ्यायचा आहे, तिथं सरकारने एक फोन करून मुर्शिदाबादच्या ग्रामपंचायतीला विचारू नये? नोंदी सरकारच्या ताब्यात आहेत. शोधण्याचं ओझं मात्र चौकीत बसवलेल्या मजुरावर.

मामा: पण कायदाच तसा आहे. मी परदेशी नाही हे त्या माणसाने सिद्ध करायचं. १९४६ च्या कायद्याचं नववं कलम. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यातही तेच आहे. त्याला कारण आहे. कोण कुठं जन्मला हे त्यालाच माहीत असतं. सरकारने सिद्ध करायचं ठरवलं तर एकही प्रकरण टिकणार नाही. १९८३ साली आसामसाठी वेगळा कायदा करून हे ओझं सरकारवर टाकलं होतं. काय झालं? लाखो चौकश्यांतून फारच थोडी माणसं गेली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला, आणि न थांबणारी घुसखोरी हे बाह्य आक्रमणच आहे असं म्हटलं.

भाची: कलम तेच असलं तरी त्याचा अर्थ काय लावायचा, हेही सर्वोच्च न्यायालयानेच जुलै २०२४ मध्ये सांगितलंय. आसामातल्या एका माणसाला वर्षं आणि स्पेलिंग यांच्या किरकोळ फरकांवरून परदेशी ठरवलं होतं. न्यायालय म्हणालं, की वाटेल त्याच्याकडे बोट दाखवून सिद्ध कर म्हणता येणार नाही. संशयाला काहीतरी आधार आधी सरकारने दाखवला पाहिजे, आणि तो आधार त्या माणसाला कळला पाहिजे. न्यायालयाने त्याला भारतीय ठरवलं, पण तोपर्यंत तो वारला होता. आसामच्या न्यायाधिकरणांबद्दल सरकारने लोकसभेत दिलेली माहिती बघा. १९८५ पासून फेब्रुवारी २०१९ पर्यंत जवळपास ६४ हजार माणसांना त्यांच्या गैरहजेरीत परदेशी ठरवलं गेलं. कित्येकांना नोटीस पोचली की नाही, हेसुद्धा माहीत नाही.

मामा: गैरहजर राहणारा बहुतेक वेळा पळालेला असतो.

भाची: तीस वर्षं लष्करात काढलेला माणूस पळालेला होता का? निवृत्तीनंतर तो आसामच्या सीमा पोलिसांतच काम करत होता, म्हणजे संशयित परदेशी शोधण्याच्या खात्यात. २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने त्यालाच परदेशी ठरवून बंदी केंद्रात पाठवलं. गुवाहाटी उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा तो सुटला. मामा, त्याच्याकडे पेन्शनबुक होतं, पदकं होती, वकील होता. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याचं काय होत असेल?

मामा: त्या माणसाची बातमी आली तेव्हा आमच्या माजी सैनिकांच्या बैठकीत कुणाला बोलवेना. मान्य करतो, चौकशी नीट व्हायला हवी. पण धाक नको का? नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारयाद्यांची सखोल फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा उत्तर चोवीस परगण्यातल्या हाकिमपूरला परत जाणाऱ्या माणसांची गर्दी झाली. बोचकी घेऊन, पोरंबाळं घेऊन आपणहून आली. हे धाकामुळेच झालं.

भाची: हाकिमपूरचं उदाहरण मला मदत करतं. ती माणसं कागद तपासले जाणार म्हणून आली आणि आम्ही तिकडचे, हे त्यांनी स्वतः सांगितलं. त्यांची नोंद करून त्यांना पाठवता येतं. ज्याची ओळख पटली तो गेला. पुशबॅकमध्ये नेमकी ओळख पटवण्याचीच पायरी गाळली जाते. तुम्हीच सांगा, ज्याला रात्री ढकललं त्याचं पुढे काय होतं?

मामा: पलीकडचे सीमा रक्षक त्याला स्वीकारत नाहीत. काही वेळा तो शून्य रेषेवर अडकून पडतो. तिकडे पोचला, तर दलालाला पैसे देतो आणि दुसऱ्या वाटेनं परत येतो. दलाल दोन्हीकडचे असतात. एकाच माणसाकडून ते दोनदा कमावतात.

भाची: आणि तो भारतीय असेल तर न्यायालयातून परत येतो. म्हणजे दोन्ही बाबतींत ढकललेला माणूस परतच येतो. परदेशी असला तर दलालाचा धंदा वाढतो, भारतीय असला तर देशाची नाचक्की होते. यातून देशाला मिळतं काय? बातमी मिळते, की सरकार कडक आहे. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. हे धोरण क्रूर आहे म्हणून मी त्याला विरोध करते, हे खरंच. पण ज्या कामासाठी ते आणलं, ते कामही त्यातून होत नाही.

मामा: पण रीतसर पाठवायला ढाका तयार नाही, हा माझा मुद्दा तसाच उभा आहे.

भाची: तो सोडवायचा मार्ग आपल्याला दुसऱ्या बाजूने माहीत आहे. ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात तिघे महाराष्ट्रातलेही होते. हातात बेड्या, पायात साखळ्या. देशभर संताप झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण ती माणसं आपण स्वीकारली, कारण ती आपली होती हे आधी तपासलं गेलं होतं. आपलं सरकार जगाला सांगतं, की भारतीय असल्याची खात्री झाली तर आम्ही आमचा माणूस परत घेतो. मग हेच बांगलादेशाकडून मागायचं. व्यापार, वीज, रेल्वे, पाणी, किती तरी विषयांवर आपण त्यांच्याशी बोलतो. माणसं परत घेण्याचा करार, उत्तराची मुदत आणि बोटांच्या ठशांची देवाणघेवाण हा त्या बोलण्याचा भाग का नाही? ऑगस्ट २०२४ मध्ये तिथलं सरकार बदललं, संबंध ताणले गेले, हे समजू शकते. पण त्याआधी पंधरा वर्षं ढाक्यात मैत्रीचं सरकार होतं. २०१५ मध्ये याच दोन देशांनी एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या १६२ वसाहतींची अदलाबदल करून सीमेचा जुना गुंता सोडवला, आणि तिथल्या प्रत्येकाला कुठल्या देशात राहायचं हे विचारलं. जमिनीचं जमलं, तर माणसांचं का जमवलं नाही?

मामा: वसाहतींचं काम आम्ही जवळून बघितलं. घरोघरी जाऊन यादी केली होती, दोन्ही देशांचे अधिकारी एकत्र बसले होते. तसं झालं तर जवानाचं काम निम्मं होईल, हे खरं आहे.

भाची: आणखी एक गोष्ट. नागरिकत्व दुरुस्ती कायदा २०१९ मध्ये झाला, नियम मार्च २०२४ मध्ये आले. आणि १ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने बांगलादेश, पाकिस्तान, अफगाणिस्तानातल्या मुस्लिमेतर अल्पसंख्याकांना २०२४ अखेरपर्यंत आले असतील तर कागदांशिवाय राहण्याची सूट मिळाली.

मामा: त्यात मला गैर वाटत नाही. फाळणीचं ते ऋण आहे. तिथून जीव वाचवून आलेला हिंदू कुठं जाणार?

भाची: त्याला आसरा द्यावा, माझं काहीच म्हणणं नाही. पण आसामची भीती धर्माची नव्हती, संख्येची आणि भाषेची होती. करारातली तारीख सगळ्यांना सारखी होती. म्हणून तर डिसेंबर २०१९ मध्ये आसाम पुन्हा रस्त्यावर आला आणि गोळीबारात तरुण मेले. एकाच होडीतून आलेल्या दोघांपैकी एकाला कागद नसणं माफ आणि दुसऱ्याला त्याच कारणासाठी रात्रीची हकालपट्टी, असं झालं की याला सीमेचं रक्षण म्हणता येत नाही. मग तो माणूस निवडण्याचा कार्यक्रम होतो. आणि ते एकदा सुरू झालं की बंगाली बोलणाऱ्या भारतीय मुसलमानाकडे पोलीस कुठल्या नजरेनं बघणार, हे वेगळं सांगायला लागत नाही.

मामा: यावर आपलं पटणार नाही. छळातून आलेला आणि पोटासाठी आलेला यांत फरक करावाच लागतो.

भाची: फरक करा, पण छळ झाला का हे विचारून करा. भारतात आजही निर्वासितांसाठी कायदा नाही. तो करा, आणि प्रत्येकाची हकिगत ऐका.

मामा: बरं, मग मी माझ्या अटी सांगतो. पकडलेल्याला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करा, मला चालेल. मूळ राज्याचं लेखी उत्तर आल्याशिवाय सीमेकडे हलवू नका, तेही चालेल. पण न्यायाधिकरणाचा निकाल आणि अपील यांना मुदत हवी. वीस-वीस वर्षं चालणारी प्रकरणं नकोत. परदेशी ठरला, तर चौकीवर सही घेऊन, ठसे घेऊन, दिवसाउजेडी दुसऱ्या देशाच्या हवाली करायचा. आणि दलाल, बनावट दाखला देणारा कारकून, कमी मजुरीसाठी अशी माणसं ठेवणारा ठेकेदार, यांच्यावर खटले हवेत. आम्ही पकडतो तो नेहमी साखळीतला शेवटचा माणूस असतो.

भाची: यातल्या एकाही अटीला माझा विरोध नाही. मी फक्त एक जोडते. हंगामी कामासाठी नोंदणी करून येण्याचा परवाना असावा, म्हणजे पोटासाठी येणारा दलालाकडे जाणार नाही.

मामा: ते मला मान्य नाही. आधी दार नीट बसवा, मग परवान्याचं बघू.

भाची: ठीक आहे, तो वाद राहू दे.

दोघांचा वाद राहिला आणि तो राहणे रास्त आहे. नागरिकत्व कोणाला द्यावे, किती जणांना यावे, यावर लोकशाहीत मतभेद असणारच. पण ज्या अटींवर निवृत्त जवान आणि वकील सहमत होतात, त्या अटी पाळायला सरकारला कोणी अडवलेले नाही. त्यांतल्या बहुतेक आजच्या कायद्यात आणि गृह मंत्रालयाच्या स्वतःच्या पत्रात आहेत. राज्यघटनेचे एकविसावे कलम फक्त नागरिकाला नव्हे, प्रत्येक व्यक्तीला लागू आहे. अटकेनंतर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याची बाविसाव्या कलमातली हमीही परदेशी माणसाला नाकारलेली नाही.

महाराष्ट्राला तर हा धडा आधीच मिळाला होता. १९९८ मध्ये युती सरकारच्या काळात मुंबईतून बांगलादेशी म्हणून पाठवलेल्यांची गाडी पश्चिम बंगालमध्ये उलुबेरियाला जमावाने अडवली आणि माणसे सोडवली. ती माणसे कोण होती, याचा वाद तेव्हाही मिटला नाही. सत्तावीस वर्षांनी त्याच महानगरातून पुन्हा माणसे पाठवली गेली आणि पुन्हा परत आणावी लागली. इतक्या वर्षांत कुंपण लांबले, कॅमेरे आले, कायदे बदलले. पाठवण्याआधी खात्री करण्याची सवय मात्र सरकारांना लागली नाही.

आपला कोण आणि परका कोण हे ज्या राज्यसंस्थेला खात्रीने सांगता येत नाही, तिची सीमा कुंपणाने बंद होत नाही. म्हणून पडताळणी, सुनावणी आणि दुसऱ्या देशाची सही या तीन गोष्टींना दयामाया समजू नये. सीमारक्षणाचा कणा त्याच आहेत. राज्य सरकारने आजच आदेश काढावा की, मूळ जिल्ह्याचे लेखी उत्तर आणि न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम हाती असल्याशिवाय महाराष्ट्राच्या पोलीस ठाण्यातून एकही माणूस सीमेकडे रवाना होणार नाही. त्याला नवा कायदा लागत नाही, केंद्राची परवानगी लागत नाही. लागते ती फक्त आपलाच माणूस आपल्या हातून परका ठरू नये, एवढी काळजी.